मेंदूतील रक्तस्राव : भाकिताचा इतिहास

धडधाकट माणूस बोलता बोलता कोसळतो, एक अंग लुळे पडते, वाचा जाते. आणि घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न उरतो : माणूस उठेल ना? या प्रश्नाला वैद्यकाने वेळोवेळी कोणत्या आधारावर उत्तर दिले, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

गेलनच्या परंपरेत अशा झटक्याचे कारण मेंदूच्या पोकळ्यांत साचलेला कफ हे मानीत. स्वित्झर्लंडातील शाफहाउझेनचा वैद्य योहान याकोब वेप्फर याने अशा रोग्यांची शवे उघडून मेंदूत सांडलेले रक्त पाहिले व १६५८ साली ते ग्रंथात मांडले. कारण सापडले खरे, पण ते मृत्यूनंतर! जिवंतपणी ते रक्त थेट दाखविणारे साधन हाती येण्यास तीनशेंहून अधिक वर्षे लागली. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनजवळ विंबल्डन येथे १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे स्कॅन काढले. पुढे १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट यांनी शुद्धीचे मोजमाप गुणांत बसविले.

या दोहोंच्या पायावर २००१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे हेम्फिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्य ते सहा गुणांचे कोष्टक रचले. शुद्धी, वय, रक्ताचे आकारमान, त्याची जागा आणि ते मेंदूच्या पोकळ्यांत उतरले की नाही, एवढ्यावर हिशेब. त्यांच्या १५२ रुग्णांत शून्य गुणांचा एकही महिन्याच्या आत दगावला नव्हता; पाच गुणांचा एकही वाचला नव्हता.

आता वैद्यांची दृष्टी रक्ताच्या थेंबाकडे वळली आहे. मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांतील प्रथिने रक्तात उतरतात. यांनाच बायोमार्कर म्हणतात. ‘एस-१०० बी’ हे त्यांपैकी एक. या कुळातील प्रथिने १९६५ साली मूर यांनी मेंदूतून वेगळी केली. ‘जीएफएपी’ काही तासांतच चढते, तर मज्जातंतूंचे ‘न्यूरोफिलामेंट’ दिवसागणिक चढत जाते. प्रमाण जितके अधिक, तितकी हानी मोठी, असा सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु ‘एस-१०० बी’ चरबीच्या पेशींतूनही येते. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही.

याहून मोठा धोका निराळाच आहे. २००१ सालीच सिॲटलच्या बेकर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ‘हा वाचणार नाही’ असे ठरले म्हणजे उपचार आखडते घेतले जातात, रोगी दगावतो, आणि भाकीत खरे ठरल्याचे समाधान तेवढे उरते. हे भाकीत नव्हे. हा निकाल झाला! म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे की, रुग्णाने आधीच काही मर्यादा घालून ठेवली नसेल, तर निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत उपचार थांबविण्याचा निर्णय पुढे ढकलावा, आणि केवळ गुणांवर तो मुळीच घेऊ नये.

सटवीने कपाळी लिहिलेले पुसता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. रक्तातील खुणा हा तसला लेख नव्हे. कोणाला अधिक जपावे हे त्यांनी सांगावे. कोणाला सोडून द्यावे हे सांगण्याचा अधिकार त्यांना देऊ नये, असे आमचे मत आहे.