निवळ

मी वाशिमला लॅबमध्ये लागलो तेव्हा ते अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. लाकडी स्टँडमध्ये सहा काचेच्या नळ्या, प्रत्येकीवर शून्य ते दोनशे खुणा. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, आणि ते तोंडाने वर ओढायचं. पहिल्याच आठवड्यात दोनदा खारट चव घेतली. (आज कुणी असं केलं तर मीच ओरडेन.) मग तासभर थांबायचं. तांबड्या पेशी खाली बसत. वर जेवढं पिवळसर पाणी सुटे, तेवढे मिलिमीटर ईएसआर. भारनियमनातही नळीचं काही अडत नसे.

एकदा सोयाबीन काढणीतून आलेली एक मावशी नळीपाशीच येऊन बसली. सकाळी बोटं आखडायची, भाकर थापता यायची नाही.

"भाऊ, माह्यं रगत खाली काऊन पयून रायलं जी?"

तासाला ९२ भरलं होतं. सांगितलं, अंगात सूज असली की यकृत फायब्रिनोजेन जास्त करतं, पेशींची नाण्यांसारखी चळत होते आणि ती लवकर बुडते.

"म्हंजे ताकावानी. ठेवलं का निवळ वर येते."

तेव्हापासून प्लाझ्माला मी निवळच म्हणतो.

ही निवळ पोलंडच्या बिएर्नात्स्कीने १८९७मध्ये मोजली. स्वीडनच्या फॉरेउसला १९१८मध्ये ती गरोदरपणाची खूण वाटली. वेस्टरग्रेनने १९२१मध्ये ती क्षयरोग्यांत तपासली, आणि नळीला नाव त्याचं लागलं. सूज दाखवणारी रक्तातली दुसरी खूण, सीआरपी, तेही १९३०मध्ये न्यूयॉर्कला टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडलं ते न्यूमोनियाच्या रुग्णांत. ईएसआर काय, सीआरपी काय, संधिवात दोन्हींच्या जन्मवेळी नव्हता. म्हणून 'ईएसआर वाढला म्हणजे वात' म्हणणाऱ्यांवर मी चिडतो. अंगात रक्त कमी असलं तरी तो चढतो, आणि आमच्याकडच्या बायांत ते काही नवल नाही.

नळी कलली तरी आकडा फुगतो. एका मे महिन्यात टेबलाचा पाय खचला होता, मी पाहिलंच नाही. सहाच्या सहा रिपोर्ट वाढीव गेले. सहाही जणांना परत बोलवावं लागलं, त्यातला एक उन्हात सायकलने आला होता.

मावशी पुढच्या वर्षी आली, संधिवाताची आठवड्यातून एकदाची गोळी चालू असताना. तास होईपर्यंत नळीवरून नजर हलवली नाही.

"आज निवळ कमी," म्हणाली, आणि मूठ मिटून दाखवली. अंगठा अजून पुरता वळत नव्हता.