हौदा आणि जीन

गंगेच्या पूर्वतीरावर चुनारच्या दगडात राजा बळवंतसिंहाने बांधविलेला रामनगरचा किल्ला आजही उभा आहे. त्याच्या पुत्राच्या, चेतसिंहाच्या कारकिर्दीत, १७८१ च्या ऑगस्टात, त्या गावच्या अरुंद गल्ल्यांत कंपनी सरकारच्या फौजेने जो मार खाल्ला, त्यातून काशीकरांच्या तोंडी दोन ओळींचे एक कवन कायमचे बसले.

राजा चेतसिंहाकडून ठरलेल्या खंडणीवर १७७८ पासून दरसाल पाच लक्ष रुपये, आणि पुढे घोडेस्वारही मागून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जचे समाधान झाले नाही. तो जातीने काशीस आला आणि १६ ऑगस्टला शिवाल्याच्या वाड्यात त्याने राजाला नजरकैदेत ठेविले. पहाऱ्यावरील शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता. लोक चालून आले, शिपाई कापले गेले, आणि पागोट्यास पागोटे बांधून केलेल्या दोराने चेतसिंह नदीकडे उतरून नावेने निसटला. रामनगरावर धाडलेली तुकडीही गारद झाली, तेव्हा २१ तारखेच्या रात्री हेस्टिंग्जने चुनारचा किल्ला गाठला.

कवनाचा आशय एवढाच, की घाईत हौदा चढला घोड्यावर, जीन कसले गेले हत्तीवर, आणि साहेब पळाला. फारसी ही तेव्हा कंपनीच्याही दप्तराची भाषा होती, आणि त्या भाषेच्या अलंकारशास्त्रात निंदाकाव्यास ‘हज्व’ व शब्दांच्या उलटापालटीस ‘अक्स’ अशी नावे आहेत. काशीच्या अनाम कवीने ते शास्त्र वाचले असो वा नसो, दोन्हींचे मर्म त्याच्या हाती पुरते लागले होते. ‘जीन’शी काफिया जुळावा म्हणून त्याने गव्हर्नर जनरलचे आडनाव तासून ‘हस्तीन’ केले, आणि पराभूताचे नाव पोरासोरांच्या जिभेवर गेले. पुढे १९०७ मध्ये इराणातील रश्त शहरी अश्रफुद्दीन गिलानीने ‘नसीमे शुमाल’ पत्र काढून जुलमी सत्तेविरुद्ध रस्त्यावरच्या बोलीत पद्ये रचिली, त्यांचेही सामर्थ्य अशाच ठसकेबाज नादात होते.

मात्र बिशप हेबरच्या १८२८ साली छापलेल्या प्रवासवृत्तात हेच कवन बालगीत म्हणून येते, आणि तेथे हौदा हत्तीवर व जीन घोड्यावर, म्हणजे यथास्थान आहे. मेकॉलेने तर १८४१ च्या निबंधात ते हेस्टिंग्जच्या कीर्तीचे प्रमाण मानिले. मला हा अर्थ मान्य नाही. हेबरच्या पाठातही ‘जल्दी’ हा शब्द शिल्लक आहे, आणि वैभवाच्या स्वारीला जल्दी कशाची? दोन शब्दांची अदलाबदल करून स्तुती साधता आली, पण भयाची खूण पुसता आली नाही.

काशीचे प्रकरण हेस्टिंग्जवरील महाभियोगात मुख्य आरोपांपैकी एक होते. १७९५ मध्ये तो निर्दोष ठरला. चेतसिंहाला राज्य परत मिळाले नाही. शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरीस राहून तो १८१० मध्ये तेथेच वारला.