प्रश्नोत्तरांचे पान

दापोलीहून समुद्राच्या बाजूस उतरत गेले म्हणजे मुरुड गाव लागते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव, ही गोष्ट आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव १८८२ साली जन्मले तेही याच गावी. पण त्यांचे नाव निघाले की आमच्याकडची माणसे अजूनही आवाज थोडा खाली आणतात. या खाली आणलेल्या आवाजाविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, ते कॉलेजच्या चालकांना मानवले नाही आणि १९२५ साली त्यांची नोकरी सुटली. मग जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. घरी वडिलांना विचारता येत नाही, शाळेत मास्तरांना विचारता येत नाही आणि डॉक्टरांपुढे जीभ वळत नाही, असे प्रश्न लोक पत्राने विचारीत. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचेही प्रश्न होते. जे काम शाळेने करावयाचे, ते एक निवृत्तिवेतन नसलेला गणिती पदरमोड करून करीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३४ साली या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, म्हणजे दापोलीच्या शेजारचेच. पण शेजारधर्म म्हणून ते उभे राहिले नव्हते. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. एखादी गोष्ट विकृती मानली तरी तिच्यावर उपाय ज्ञानाचाच, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. आधाराला त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचे लेखन घेतले. गंमत अशी की, याच एलिसच्या समलिंगी आकर्षणावरील पुस्तकापायी १८९८ साली खुद्द लंडनमध्ये एका पुस्तकविक्रेत्याला कोर्टात उभे राहावे लागले होते. इकडे मुंबईतही निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

हा इतिहास मी उशिरा वाचला. तोपर्यंत माझी शिक्षकी बरीचशी संपत आली होती. फार वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने तपासावयास दिलेल्या वहीत चिठ्ठी ठेवली होती. आपले मन मुलींकडे ओढ घेत नाही, मित्राकडे घेते. यात आपले काही बिघडले आहे काय, एवढेच त्याने विचारले होते. मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, “तुझं वय लहान आहे. अभ्यासात लक्ष घाल.” त्याने मान डोलावली. त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, इतिहासाचासुद्धा नाही. मी त्याला रागावलो नव्हतो, हसलोही नव्हतो. केवळ आवाज खाली आणला होता. तेवढे पुरले.

पुढे काळ बदलला. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेल्या ३७७ व्या कलमाचा या बाबतीतला काच सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी काढून टाकला. शाळेचे दार मात्र कुरकुरतच राहिले. २००७ साली महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमावर गदारोळ होऊन तो शाळांतून थांबविण्यात आला. २०२१ साली तृतीयपंथी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे, यासाठी एनसीईआरटीने शिक्षकांकरिता एक पुस्तिका काढली. आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरविली गेली.

त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात मात्र वेगळे घडले. घर सोडून आलेल्या दोन तरुणी संरक्षण मागत होत्या. आपल्याला हा विषय नीट कळत नाही, हे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी मोकळेपणी मान्य केले. समुपदेशकाकडे जाऊन त्यांनी तो समजावून घेतला आणि मग निकाल दिला. शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत या माणसांविषयीची समज आली पाहिजे, असेही त्यांनी सुचविले. न्यायासनावरचा माणूस आधी विद्यार्थी झाला, याचे मला फार अप्रूप वाटते.

‘मुलांचे वय लहान आहे’ हा आक्षेप नेहमीचा. तो ऐकला की मला मुरुडचीच गोष्ट आठवते. धोंडोपंत मुलगे असताना परीक्षेसाठी मुरुडहून डोंगर तुडवीत साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून तेथून परत पाठविले गेले. मुलगा चालत दारापर्यंत आलेला असतो. वय मोजत बसतो तो दारातला माणूस. ज्या वयात वर्गातली पोरे एखाद्याला चालण्या-बोलण्यावरून टोपणनाव ठेवतात, ते वय शिव्या शिकण्यास लहान नसते. मग समजून घेण्यासच लहान कसे? शाळेने फार काही करावयाचे नाही. अशीही माणसे असतात, ती आजारी नाहीत, गुन्हेगार नाहीत, एवढे शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून, भूगोल शिकवावा त्या आवाजात सांगावयाचे.

तो मुलगा आज कोठे आहे, मला माहीत नाही. त्याची चिठ्ठी मी फाडून टाकली होती. प्रश्न मात्र पाठ आहे. उत्तर देणे राहिले आहे.