अडलेला नट आणि लोहाराची विद्या

१९०८ साली अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' मोटार निघाली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या झाल्या. घेणारे पुष्कळसे शेतकरी. दुरुस्तीचे दुकान लांब. तेव्हा काम घरच्या अंगणातच चाले. गंजलेल्या नटावर नुसता जोर केला तर बोल्टच तुटे. मग गाडी उभी आणि बाजार हुकला! जाणता गडी धीर धरी. घासलेट सोडून रात्रभर मुरू देई, हलके ठोके मारी, मग पाना लावी. तरीही सुटेना, तर घासलेट पुसून, पेट्रोल दूर ठेवून नट तापवी. लोखंड तापले की फुगते. आपला लोहार चाकावर तापलेली धाव चढवितो, ती याच न्यायाने. गुरुजींनी प्रसरणाचा धडा भट्टीपाशीच द्यावा!