एअर रायफलमधील ओतीव गोळीची चाचणी
शिसे वितळवून साच्यात ओतलेली गोळी एअर रायफलमधून सरळ जाते की डगमगते, हे तपासण्याची रीत. स्पर्धेतला ४.५ मिमी छर्रा कमरेत बारीक, मागे पोकळ; हवेचा रोधच त्याला बराचसा सावरतो. लांबट ओतीव गोळीला हा आधार नसतो. तिची भिस्त नळीतल्या पिळाने मिळणाऱ्या फिरकीवर. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा, असे जॉर्ज ग्रीनहिल यांचे १८७९चे सूत्र सांगते. चाचणीत रायफल व्हाइसमध्ये पक्की बसवून, वजन करून निवडलेल्या गोळ्या कागदी लक्ष्यावर झाडतात. भोक लांबट पडले, तर गोळी आडवी होत आहे. भोके गोल पण विखुरलेली असतील, तर ओतकामातली पोकळी किंवा चुकलेला व्यास आधी तपासावा. एकाच अंतरावरचा निकाल पुरेसा मानू नये.