सलून, हजाम आणि मामांची वही

कळव्यात स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक सलून आहे. गेली वीसेक वर्षं मी तिथंच केस कापतो. मालक मूळचे सातारा जिल्ह्यातले, सगळे त्यांना मामा म्हणतात. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर उत्तर प्रदेशातला सलमानी. गल्ल्यात एक दोनशे पानी वही असते. पूर्वी तिच्यात उधारी असायची, आता मागच्या पानांवर शब्द आहेत : लो फेड, मिड फेड, अंडरकट, लेअर, ट्रिम. शेजारी मामांच्या अक्षरात अर्थ. ‘फेड – खाली शून्य, वर चढत दाट.’ ‘ट्रिम – थोडेच काढणे, लांबी तशीच.’ कॉलेजची पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात आणि फर्माइश इंग्रजीत करतात. एकदा हे ‘ट्रिम’ मामांना कळलं नाही आणि एका मुलाचे चार महिने वाढवलेले केस गेले. त्यानंतर वही सुरू झाली.

एके रविवारी मामांनी मला विचारलं, “तुम्ही लिहिता ना सर, मग सांगा, हे सलून म्हणजे नेमकं काय हो? आयुष्य गेलं या पाटीखाली.”

सलून मुळात इटालियन. साला म्हणजे दालन, मोठं दालन ते सालोने. तिथून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत. एकोणिसाव्या शतकात विलायतेत दाढी-केसांच्या दुकानाला ‘शेव्हिंग सलून’ म्हणत, तो शब्द आपल्याकडे उतरला आणि टिकला. अमेरिकेत मात्र त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ दारूचा गुत्ता असा झाला. बार्बर हा लॅटिनमधल्या दाढीवरून आला. आणि ज्यांना आपण कल्ले म्हणतो त्या साइडबर्न्सचं नाव अमेरिकन यादवी युद्धातल्या बर्नसाइड नावाच्या जनरलवरून, त्याच्या आडनावाची उलटापालट करून पडलंय. यावर दोन्ही खुर्च्या हसल्या.

खरी गंमत शाम्पूची. तो शब्द आपल्या चांपणे-चंपीतून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन महोमेद कंपनीच्या फौजेत होता, मग आयर्लंडला गेला. १७९४ साली त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं, आणि इंग्रजीत पुस्तक लिहिणारा पहिला हिंदी माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १८१४ साली त्यानं ब्रायटनला हमामखाना काढला. तिथल्या वाफेच्या स्नानाची आणि मालिशीची एवढी कीर्ती झाली की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमलं. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. बाटलीतला फेस हा अर्थ नंतरचा.

सर्जन या शब्दावर कारागीर थबकला. त्याच्या लहानपणी गावात सुंता करायला त्याचे आजोबाच जात. आमच्याही घरात ते काम हजामाचंच होतं. अरबीत हज्जाम म्हणजे केस कापणारा नव्हेच, हिजामा करणारा, तुंबडी लावून रक्त काढणारा. प्रेषितांनी (स.) अबू तैबा नावाच्या हज्जामाकडून असा इलाज करून घेतला आणि त्याला मजुरी म्हणून खजूर द्यायला सांगितले, असं हदीसमध्ये आहे. लंडनमध्येही १५४० ते १७४५ या काळात न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच कंपनी होती. वस्तरा दोघांचाही. पुढे सर्जन वेगळे झाले, मोठे झाले आणि न्हावी मागे राहिला.

आपल्याकडे तो नुसता मागे राहिला नाही, त्याच्या नावाची शिवी झाली. ‘हजामती करतोयस काय?’ म्हणजे वेळ वाया घालवतोयस काय? ‘बिनपाण्यानं हजामत’ आपण किती सहज म्हणतो. न्हावी हा प्राकृतातून आलेला जुना शब्दही तुच्छतेनं वापरून झिजवला गेला. समाजानं स्वतःसाठी ‘नाभिक’ निवडला तो यामुळेच, असं मला वाटतं. सलून हा शब्द परका होता, पण त्याला जात चिकटलेली नव्हती.

मी हे बोललो तेव्हा मामा आरशाकडे बघत होते. आरशाच्या वर संत सेना महाराज आणि जिवा महाला यांच्या तसबिरी आहेत. मग सावकाश म्हणाले, “आमचे आजोबा महारवाड्यात धोकटी घेऊन जात नसत. कुणी आलंच तर परत पाठवत. वडिलांनीच सांगितलंय मला.”

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलंय की साताऱ्यात न्हाव्यांची कमी नव्हती, त्यांना पैसे द्यायची घरची ऐपतही होती, तरी त्यांचे केस थोरली बहीण कापायची. बलुत्याच्या व्यवस्थेत न्हाव्याला वर्षाकाठी धान्य मिळे. कुणाच्या डोक्याला हात लावायचा हे मात्र गाव ठरवी. स्वतः खालचा मानला गेलेला माणूस आणखी खालच्याला नाकारत होता, कारण नाही तर वरचे त्याला नाकारणार. शहरातल्या खुर्चीनं हे सगळं संपवलं असं नव्हे. पण रोख पैसे देऊन बसणाऱ्या अनोळखी माणसाला जात विचारणं तिथं अवघड झालं, एवढं नक्की.

मामांचा चेहरा पडलेला मला बघवेना, आणि सांगण्यासारखी दुसरी गोष्टही होती. खाडीपलीकडच्या ठाण्यात १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे जन्मले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, गिरणी कामगारांचा पहिला पुढारी. त्यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन करायचं नाही. विचार करा. ज्या हातांना गावानं कधी ‘नाही’ म्हणू दिलं नाही, त्यांनी वस्तरा खाली ठेवला, आणि तोही वरच्या जातींच्या घरातल्या, स्वतःशी कसलंही नातं नसलेल्या बायकांसाठी. हातचं काम सोडून. १८९३च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांना जवळ आणायलाही हेच लोखंडे राबले.

“आणि मामा, रविवारची तुमची ही गर्दीसुद्धा त्यांचीच. गिरण्यांना रविवारची सुटी त्यांच्या लढ्यामुळे त्याच १८९० सालच्या जूनमध्ये मिळाली.”

मामांनी बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या आठ-नऊ जणांकडे पाहिलं. वही काढली, इंग्रजी शब्दांच्याच पानावर ‘लोखंडे, ठाणे, १८९०’ असं लिहिलं, पेन कानावर ठेवलं आणि पुढच्याला हाक मारली.