कुणाकडे आलात?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय अगदी आपल्या घराजवळचा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं मित्र मीरा रोडहून बाईकवर चेण्याला गेलो. घोडबंदर रोडवरचं हे गाव आपल्याच महापालिकेत येतं, आणि पलीकडे लगेच संजय गांधी नॅशनल पार्कचं जंगल. एका पाड्यात, कुणाच्या तरी अंगणालगत बाईक लावली. ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारलं, "कुणाकडे आलात?" मी म्हटलं, "कुणाकडे नाही, फिरायला आलोय." त्या गप्प झाल्या. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. घरी येऊन मी जंगलाचे कायदे वाचायला घेतले.

१८७८ साली इंग्रजांनी वन कायदा केला. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं, गुरं चारणं गुन्हा ठरलं. म्हणजे जंगलातला माणूस रोज जे करत होता, नेमकं तेच! १९२७च्या कायद्यातही हे तसंच राहिलं.

मग आला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. नॅशनल पार्क जाहीर करायचं तर त्या जमिनीवरचे लोकांचे हक्क आधी सरकारकडे जायला हवेत. आणि आत जायचा परवाना कोणत्या कारणांसाठी मिळतो, त्या यादीत 'पर्यटन' आहे! पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, पण हातात कागद नसलेल्या आदिवासीचा हक्क मान्य व्हायला मात्र २००६चा वनहक्क कायदा यावा लागला. मधे ३४ वर्षं गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर, पाहुण्याचं लॉगिन आधी तयार झालं, घरच्या माणसाचं नंतर. तेही आपोआप नाही. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे, हे त्याने पुराव्यानिशी दाखवायचं, ग्रामसभेपुढे दावा लावायचा. आपण तिकीट काढलं की झालं.

बिबट्या वाचायलाच हवा, त्यात वाद नाही. पण वारली समाज वाघोबाला देव मानतो, वाघबारशीला त्याची पूजा करतो. जंगल राखायचं म्हणजे आधी यांनाच परकं ठरवायचं, हे गणित मला पटत नाही.

हल्ली त्या बाजूला गेलो की मी आधी विचारतो, "इथे गाडी लावू का?" एकदा "नको" असं उत्तर आलं. मुकाट्याने मागे फिरलो आणि रोडवर लावली. नाही म्हणायचा हक्क त्यांचाच आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!